मशीन विकायचं नाही

भोंगा कुठे बांधायचा, यावरून मी आयुष्यात जेवढी भांडणं केली तेवढी सासरच्या माणसांशीही केली नाहीत. ज्याच्या घरी कार्य असतं त्याला वाटतं, भोंगा मांडवातच हवा, पाहुण्यांच्या डोक्यावर. आणि भोंगा माईकसमोर आला की मशीन किंचाळतं. माईकमध्ये गेलेला आवाज भोंग्यातून बाहेर पडतो, तोच पुन्हा माईकमध्ये शिरतो, पुन्हा बाहेर पडतो, आणि कान फाटतील अशी शिट्टी सुरू होते. हे मी पनवेलपासून उरणपर्यंत गावोगाव सांगत आले. लोक ऐकून घेतात, मान डोलावतात आणि म्हणतात, "ते ठीक आहे बाई, पण भोंगा इथेच बांधा."

बाईमाणसाला हा धंदा सुचला कसा, असं मला अजूनही विचारतात. सुचला नाही. हातचा जाऊ लागला तेव्हा मी सोडला नाही, एवढंच. ते कसं झालं ते लिहिते.

नवऱ्याचं पनवेलात रेडिओ दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं, आणि त्याच्या जोडीला भाड्याने द्यायचा एक लाउडस्पीकर. म्हणजे काचेचे व्हॉल्व्ह तापले की बोलू लागणारं एक जड मशीन, एक भोंगा, एक माईक, तबकड्या वाजवायची पेटी आणि मोटारीची बॅटरी. आमच्या बाजूच्या गावांत तेव्हा वीज नव्हती, सगळा आवाज त्या बॅटरीतून काढावा लागे. नवऱ्याचा हात चांगला होता, पण पसारा आवरणं त्याला ठाऊक नव्हतं. कार्यक्रमाहून आला की वायरींचा गुंता माझ्यापुढे टाकून आडवा व्हायचा. मी गुंता सोडवायची. सोडवताना तुटलेली वायर हाताला लागायची, मग तिला डाख द्यायची. बॅटरीचं पाणी आटलेलं दिसायचं, ते भरायची. हे काम मी हौसेने शिकले नाही, वैतागून शिकले. पण वैतागून शिकलेलं माणूस विसरत नाही.

पावसाळा सरता सरता नवरा तापाने गेला. मूल नव्हतं. दिराचं धान्याचं दुकान होतं आणि तो व्यवहाराचा माणूस. बाराव्याचे पाहुणे पांगताच त्याने मला सांगितलं की दुकानाची जागा सोडू, मशीन विकू, आणि वहिनी, तुम्ही आमच्याकडे या. त्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण त्याच्या घरात माझी जागा कुठे, हे मला नीट ठाऊक होतं. चुलीपुढे. जाऊबाईंना कधीपासून दोन जास्तीचे हात हवे होते. एकदा मशीन गेलं की दुकान गेलं, आणि दुकान गेलं की मी उरलेला जन्म दुसऱ्याच्या भाकऱ्या थापणार. मला ते नको होतं. यात काही थोर नाही. मला भाकऱ्या थापायचा कंटाळा होता आणि वायरींचा नव्हता.

मशीनला गिऱ्हाईकही लगेच मिळालं. एस.टी. स्टँडजवळ पनवेलातला दुसरा लाउडस्पीकरवाला होता. तो आणि माझा नवरा दिवसा एकमेकांची गिऱ्हाइकं पळवायचे आणि संध्याकाळी एकाच बाकावर चहा प्यायचे. मला तो भाभी म्हणे. माल बघून त्याने एकच अडचण काढली.

"भाभी, याच्यावर एक सुपारी आहे ना?"

होती. नवऱ्याने आजारी पडण्याआधी माघातल्या एका लग्नाची सुपारी घेतली होती. आमच्या धंद्यात यजमान नारळ-सुपारी आणून मशीनवर ठेवतो. आपण सुपारी उचलली की बोलणं झालं. मग आभाळ कोसळलं तरी त्या दिवशी मशीन त्याच्या मांडवात हजर पाहिजे. सुपारी मोडली की त्या पंचक्रोशीत पुन्हा कोणी दारात उभं करत नाही.

"पहिले ती सुपारी वाजू दे," तो दिराला म्हणाला. "मी पण येईन ऐकायला. चालू मशीन ऐकून घेतलेलं बरं. मग उचलतो."

"वाजवायला एखादा माणूस बघावा लागेल," दीर म्हणाला.

"मी जाते," मी म्हटलं.

"तुम्ही? लग्नाच्या मांडवात?"

"मशीन लग्नाच्या मांडवातच वाजतं, भावोजी. स्मशानात कोणी लावत नाही."

"वहिनी, लोक काय म्हणतील?"

"माईक चालू असला तर ते सगळ्या गावाला ऐकू जाईल."

गिऱ्हाईक हसलं आणि त्याच्या बशीतला चहा सांडला. दीर हसला नाही. पण दुसरा माणूस मिळेना. ज्याला वाजवता येत होतं तो समोर चहा पुसत बसला होता, आणि दुसऱ्याने घेतलेली सुपारी तो वाजवणार नव्हता.

माझ्या मनात दोन गोष्टी होत्या. मशीन नीट वाजलं पाहिजे आणि मशीन विकलं जाता कामा नये. या दोन्ही एकमेकींच्या आड येत होत्या, हे मला कळत होतं. चांगलं वाजलं तर गिऱ्हाईक खूष होऊन घेऊन जाणार. बिघडलं तर दीर म्हणणार, बघा, बाईचं काम नव्हे. तरी मुद्दाम बिघडवायचं मनात आणलं नाही. वाजवायला न्यायचं आणि वाजवायचं नाही, हे माझ्याच्याने झालं नसतं.

लग्न उरणच्या वाटेवर, मिठागरांच्या कडेला वसलेल्या एका आगरी गावात होतं. हळदीच्या दिवशी सकाळी बैलगाडीत पेंढा घालून बॅटरी ठेवली, मशीन गोधडीत गुंडाळलं, भोंगा पालथा घातला आणि निघालो. दीर माझ्या सोबतीला म्हणून गाडीत बसला. खरं म्हणजे मी काय करते ते बघायला. गिऱ्हाईक मागून सायकलवर.

नवरदेवाचा बाप आम्हाला बघून मांडवातून धावत बाहेर आला, आणि माझं कपाळ बघून थांबला.

"मशीन कोन वाजवील? यो दादूस?" त्याने दिराकडे बोट केलं.

"मी नुसता सोबत आलोय," दीर म्हणाला.

"मंग?"

"मी वाजवणार," मी म्हटलं.

तो डोकं खाजवू लागला. "बाय, वाईट नको मानू. आज पोराची हलद हाय. शुभकार्य हाय."

"सुपारी कुणाला दिली होती?"

"तुजे मालकाला."

"त्यांनी घरी येऊन ती माझ्या हातात ठेवली. परत देऊ?"

त्याने मागे बघितलं. सगळ्या गावाला त्याने भोंगा येणार म्हणून सांगून ठेवलं होतं. पोरंटोरं गाडीच्या चाकांवर चढून भोंग्यात तोंड घालून ओरडत होती. एवढ्यात मांडवाच्या कोपऱ्यातून एक म्हातारी बाई उठून आली. ही धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटाच्या आधी ती. तिच्या गाण्यावर हळद लागते, तिच्या गाण्यावर देव बोलावले जातात. ती गाते तेव्हा लग्न पुढे सरकतं आणि ती थांबली की मांडव थांबतो.

"आरं, मी पन रांडमुंड," ती यजमानाला म्हणाली. "माजे तोंडान देव बोलवतंस, तवा माजा कपाल बघतंस काय? मंग हिचा कनाला बघतंस?"

यजमान वाटेतून बाजूला झाला. तिच्याशी वाद घालणं म्हणजे लग्न अडवून ठेवणं.

मग तिने मोर्चा माझ्याकडे वळवला. "पन बाय, तुजा भोंगा माजा गाना खाल्लन त मी नाय गायाची. मागचे लगनान मी खाली गातंय आन वर सिनेमाची तबकरी बोंबलतंय. माजा गाना मलाच ऐकू आला नाय."

"तुम्ही गाल तेव्हा तबकडी लागणार नाही."

"बोललीस?"

"बोलले."

त्यानंतर भोंग्याची जागा. यजमानाचं म्हणणं, मांडवाच्या मधल्या खांबाला बांध. मी मांडवामागच्या चिंचेकडे बोट केलं. त्याने नेहमीचं सगळं सांगितलं. पाहुणे मांडवात आहेत, पैपाहुण्यांना ऐकू गेलं पाहिजे, चिंचेला काय भोंगा ऐकायचाय? शिट्टीचं कारण सांगून उपयोग नव्हता, म्हणून मी दुसरंच विचारलं.

"तुमचे व्याही कुठल्या गावचे?"

"त्या काय, खाडीचे पलीकरं."

"मांडवात बांधला तर आवाज तुमच्या कौलांना ऐकू जाईल. चिंचेवर बांधला तर थेट व्याह्यांच्या ओटीवर."

त्याने खाडीकडे बघितलं, चिंचेकडे बघितलं. "मंग चिंचंवर बांध. उशीर कनाला करतंस?"

कासोटा घट्ट केला, दोरी खांद्यावर टाकली आणि शिडी लावून वर चढले. दीर खालून हळू आवाजात ओरडत होता, "वहिनी, उतरा, मी कोणाला तरी सांगतो." कोणाला सांगणार? गाठ कशी मारायची हे दुसऱ्याला खालून शिकवण्यापेक्षा आपण मारलेली बरी. खाली बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. एकजण दिराला म्हणाली, "आरं, तू शिरी धर त तरी!" मग त्याने शिडी धरली.

वायर खाली आणली, मशीन ओटीवर सावलीत ठेवलं, जमिनीत लोखंडी कांब ठोकून मशीनची एक तार तिला जोडली. ही तार जमिनीत नीट गेली नाही की भोंगा माशीसारखा गुणगुणतो. पनवेलच्या मुरुमात त्या कांबेपाशी पाण्याच्या बादल्या ओतून दमायला होतं. इथे खाऱ्या जमिनीत कांब टेकवली आणि गुणगुण बंद. त्या जमिनीने मला एवढी मदत केली, बाकी दिवसभर कोणी केली नाही.

दुपारपर्यंत तबकड्या वाजल्या. आवाज स्वच्छ होता. गिऱ्हाईक मांडवात एका बाजूला बसून ऐकत होतं आणि दिराकडे बघून मान हलवत होतं. दिराचा चेहरा उजळला. माझा सौदा पक्का होत चालला होता आणि तो मीच करत होते.

उन्हं कलली तशी हळदीची तयारी झाली. जातं, मुसळ, पाटा मांडवात आणून ठेवले. धवलारीण आपल्या सोबतिणींना घेऊन बसली. मी माईकचा दांडा तिच्यासमोर ठेवला, माईक तिच्या तोंडाच्या उंचीला आणला आणि मशीनपाशी गेले. नवरदेवाचे दोस्त तिथे वाटच बघत होते. त्यांना हळदीला नाचायचं होतं आणि नाचाला सिनेमाचं गाणं हवं होतं.

"मामी, ती मगाची लावा ना!"

"आता नाही. आता धवलारीण गाणार."

"ती काय, रोजचीच हाय. आमी तिची गानी पाल्ण्यान ऐकली."

"मग ती पाठ असतील. म्हणा तिच्यासोबत."

एकाने सरळ पेटीकडे हात नेला. मी पेटीच्या दांडीतली सुई काढली आणि कनवटीला लावली. "आता लाव."

पोरं माझ्या कनवटीकडे बघत राहिली. तिथे हात घालायची हिंमत कोणाच्या बापात नव्हती. शिव्या पुटपुटत गेली.

मी बॅटरीची टोकं घट्ट करत होते, पाठ मांडवाकडे होती. धवलारणीने गायला सुरुवात केली. पहिलाच सूर मिठागरांवरून पार गेला असावा. आणि मग, हळूहळू, आवाज बसायला लागला. उशीखालून कोणी गावं तसा झाला, मग उशीही दाबली कोणीतरी. भोंगा गप्प. मांडवात तिचा उघडा आवाज तेवढा राहिला.

बायकांची कुजबुज सुरू झाली. काय कुजबुजत होत्या ते मला न ऐकताही कळत होतं. एका म्हाताऱ्याने ते मोठ्याने म्हटलं, "बोललू होतू ना. हलदीचे दिवशी असला हात लागल्यावर काय व्हणार?"

दीर जवळ आला. "वहिनी, पुरे झालं. आवरा. यांना सांगतो मी." यांना म्हणजे गिऱ्हाइकाला. "बिघडलेलं तर बिघडलेलं. किमतीत थोडं कमीजास्त करू."

गिऱ्हाईक हललं नाही. पान चघळत माईकच्या दिशेने बघत बसलं होतं.

यजमान धावत आला. "बाय, काय झाला गो?"

"बघते. दोन मिनिटं ओरडू नका."

घाबरायला मला फुरसत नव्हती. मी कनवटीची सुई काढून पेटीला लावली आणि तबकडीवर टेकवली. भोंगा खणखणीत वाजला. नाचायला टपलेली पोरं ओरडली. मी लगेच सुई उचलली आणि पुन्हा कनवटीला लावली. मला कळायचं ते कळलं होतं. बॅटरी ठीक, व्हॉल्व्ह ठीक, मशीन ठीक, चिंचेवरचा भोंगा ठीक. उरला माईक आणि त्याची वायर. वायर बदलली. आवाज नाही. मग माईकपाशी गेले आणि तो हातात घेतला.

हात पिवळा झाला.

माईकच्या जाळीवर हळद थापली होती. खोबरेल तेलात कालवलेली, जाड, लग्नाची हळद. जाळीतून आतल्या रेशमी कापडापर्यंत मुरली होती. माईकला कान असतो आणि कोणीतरी त्या कानात लेप भरला होता.

"ही कोणी लावली?"

"मी," धवलारीण म्हणाली. तिला त्यात काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. "जात्याला लावली, मुसलाला लावली, पाट्याला लावली. लगनान जो कामाला आला त्याला पयली हलद. याला नको? हा रुसला असता."

तिच्या हिशोबाने तिने माझ्या माईकचा मान केला होता.

"लावा," मी म्हटलं, "पण पुढच्या वेळी दांड्याला लावा. तोंडाला लावली की याला ऐकू येत नाही."

"आसा सांगावा ना आदी."

माझ्याकडचं स्पिरिट घरी राहिलं होतं. तेलकट हळद पाण्याने निघत नाही, उलट पाणी आत जातं. मी यजमानाला विचारलं, "दारू आहे? पहिल्या धारेची, कडक?"

माईक बंद असूनही माझा प्रश्न सगळ्या मांडवाने ऐकला. तेव्हा दारूबंदी होती. आणि गावचा पोलीस पाटील, यजमानाचा चुलताच तो, पहिल्या रांगेत बसला होता. सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"आमचे गावान दारू नाय," पाटील म्हणाला.

"मग माईकही नाही."

पाटलाने मांडवाच्या छताकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "माजे घरान औषद हाय," तो म्हणाला. "गुडघ्याला लावाचा."

पाटलाने तोंड उघडल्यावर तीन वेगवेगळ्या घरांतून तीन बाटल्या औषध आलं. त्या गावात गुडघे फारच दुखत असावेत. मी प्रत्येक बाटली हुंगून सगळ्यात जहाल निवडली. माईकची जाळी उघडली, कापड वेगळं केलं, दोन्ही त्या औषधाने पुसली. आतल्या पातळ पत्र्याला हात न लावता नुसती फुंकर घातली. कापड मशीनच्या तापल्या डोक्यावर वाळवलं. एवढा वेळ म्हातारा माझ्या हातांबद्दल बोलतच होता. दीर त्याला गप्प करत नव्हता.

जाळी बसवली, माईक दांड्यावर चढवला. नेहमी अशा वेळी "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन" म्हणतात. मी म्हणाले, "हॅलो. हॅलो. माईक हळदीने बसला होता. माझ्या कपाळाने बसला नव्हता. ज्यांना ऐकू आलं नसेल त्यांच्यासाठी पुन्हा सांगते."

आणि पुन्हा सांगितलं. चिंचेवरून ते मिठागरांवर गेलं, खाडीपलीकडे व्याह्यांच्या ओटीवरही गेलं असणार. म्हातारा उठून विडी ओढायला बाहेर गेला. एक बाई जोरात हसली, मग बऱ्याच हसल्या.

धवलारीण पुढे सरकली. तिने देव बोलावले, गावदेवी बोलावली, वाडवडील बोलावले, वेशीवरच्यांनाही बोलावलं. तिच्या आवाजाला धार होती आणि थोडी खरखर. भोंग्याने दोन्ही जशीच्या तशी बाहेर काढली. मिठागरातून घरी निघालेली माणसं बांधावर थांबून ऐकू लागली. मी मशीनचं बटण धरून बसले होते. ती उंच सुरात जायची तेव्हा मी आवाज कमी करायची, खाली यायची तेव्हा वाढवायची. मधेच ती मान वळवून नवरदेवाकडे बघायची आणि आवाज पळायचा. मी उठून माईक तिचं तोंड वळेल तसा सरकवला. तिने न थांबता माझ्याकडे एक नजर टाकली. हळद लागली. पोरांनी तिच्याच गाण्यावर नाच केला. सुई माझ्या कनवटीलाच होती, करतात काय?

गाणी संपल्यावर धवलारीण माईकपासून उठली नाही. तिला आता त्याची सवय झाली होती. ती त्यातच बोलली.

"आयका. या साली माजेकरं जेवरी लगना हान तेवरी मी या बायचे माईकान गाईन. दुसरे कोनाचा भोंगा आनलात त मी घरान बसंन. मंग लावा हलद तबकरीवर."

मांडवात आसपासच्या गावांचे पाहुणे होते. त्यांच्या घरी चैत्र-वैशाखात लग्नं होती आणि सगळ्यांना हीच धवलारीण हवी होती, कारण दुसरी होतीच कुठे? पहिला माणूस उठला, यजमानाच्या तबकातली सुपारी उचलून त्याने मशीनवर ठेवली. मग दुसरा. नारळ नाही आणला म्हणून तिसऱ्याने माफी मागितली. मी एकेक सुपारी उचलून पदराच्या ओटीत टाकत गेले.

"वहिनी, घेऊ नका!" दीर कानाशी म्हणाला. "मशीन विकलंय आपण!"

"कोणी विकलंय? मी तर वाजवतेय."

"तुम्ही सुपाऱ्या घेताय!"

"देतायत म्हणून घेतेय. तुम्हाला दिल्या तर तुम्ही घ्या."

त्याने गिऱ्हाइकाला गाठलं. "हरकत नाही," तो त्याला म्हणाला, "सुपाऱ्या तुमच्याकडे देतो. मशीन तेच, लग्नं तीच. तुमचाच फायदा."

गिऱ्हाइकाने पान थुंकलं आणि तोंड पुसलं. "वाह रे! म्हातारी काय बोलली, ऐकलं ना? बाईचा माईक पाहिजे. मी काय साडी नेसून येऊ?"

"अहो, पण सौदा..."

"सौदा सुपारी वाजल्यावर होता. आता बघ, ओटी भरली. सुपारी लागलेला माल मी नाही उचलणार. उद्या माझ्या मशीनवर कोण इतबार ठेवील?" मग तो माझ्याकडे वळला. "भाभी, हळद मला दिसली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"खरीददार होतो ना. आता नाही, म्हणून बोलतो."

मला त्याचा राग आला नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही पान चघळत बसले असते.

दीर ओटीवर मशीनशेजारी येऊन बसला. म्हणाला, "एकटी राहणार तुम्ही? दुकानात?"

"मागे खोली आहे. तिला दार आहे. दाराला कडी आहे."

"आणि उद्या मशीन खरंच बिघडलं तर?"

"तर दुरुस्त करीन. दुकान दुरुस्तीचंच आहे."

"आमच्याकडून मग अपेक्षा ठेवू नका."

"ठेवली असती तर आज इथे आले नसते, भावोजी."

हे मी रागाने म्हटलं नव्हतं. हिशोब सांगितला. त्याला मात्र ते लागलंच, आणि पुढे कित्येक दिवस जाऊबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. त्याला इलाज नव्हता.

लग्न दुसऱ्या दिवशी होतं, त्यामुळे मशीन आणि मी तिथेच राहणार होतो. दीर राहायला तयार नव्हता आणि बैलगाडी उद्याशिवाय परतणार नव्हती. तेव्हा ज्याला मशीन विकायचं होतं तो, ज्याला विकत घ्यायचं होतं त्याच्या सायकलवर मागे बसला, आणि दोघे मिठागरांच्या बांधावरून डुगडुगत पनवेलकडे निघाले. उजेड होता तोवर दिसत होते. दोनदा उतरून ढकलावी लागली त्यांना.

यजमान आला. "बाय, जेवलीस?"

"नाही अजून."

"मंग पंगतीन बस ना. धवलारीण थांबली तुजेसाठी."

"आधी मशीन आत घ्या. खारा वारा सुटलाय, रात्रभर बाहेर राहिलं तर बॅटरीच्या टोकांना हिरवा गंज चढेल."

त्याने दोन माणसांना हाक मारली. मशीन कसं धरायचं ते मी त्यांना दाखवलं, बॅटरी मीच उचलली, आणि ती ठेवायला घरातली कोरडी जागा शोधू लागले.